तारापूरचा इतिहास जमवायचा तर सुरुवात सातबाऱ्यापासून करा

तारापूर अणुवीज केंद्रावर जे काही लिहिलं गेलंय, ते बहुतेक डॉ. होमी भाभांपासून तरी सुरू होतं, नाहीतर १९६३च्या भारत-अमेरिका करारापासून. देशाच्या अणुकार्यक्रमाचा इतिहास म्हणून ते योग्यच आहे. पण पालघर जिल्ह्यातल्या बोईसर, घिवली, दांडी, तारापूर, चिंचणी, अक्करपट्टी, पोफरण या किनारपट्टीचा इतिहास त्यात सापडत नाही. तो भूसंपादनाच्या निवाड्यांत, फेरफारांत, ग्रामपंचायतीच्या ठरावांत आणि निवृत्त कामगारांच्या पेट्यांत पडून आहे. १९६४ साली बांधकाम सुरू झालं तेव्हा विशीत असलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षी करू म्हणून चालणार नाही. ज्यांना यात हात घालायचाय त्यांच्यासाठी ही पोस्ट. कुठे काय मिळतं, कसं मागायचं, कुठे फसगत होते आणि हाती आलेलं कसं टिकवायचं, हे सगळं सविस्तर लिहितो आहोत.

आधी तारखा नीट लावून घ्या

"तारापूर केंद्र कधी सुरू झालं?" या प्रश्नाची निदान चार उत्तरं कागदोपत्री सापडतात आणि चारही खरी असतात. पहिल्या अणुभट्टीत १ फेब्रुवारी १९६९ला साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहू लागली, म्हणजे भट्टी क्रिटिकल झाली. १ एप्रिल १९६९ला ती वीजजाळ्याला जोडली गेली. २८ ऑक्टोबर १९६९ला व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. इंदिरा गांधींच्या हस्ते राष्ट्रार्पण झालं ते १९ जानेवारी १९७०ला. वर्तमानपत्रं या चारही प्रसंगांना "सुरू झालं" असंच म्हणतात. म्हणून टिपण करताना तारखेसमोर कोणता टप्पा ते लिहाच. नाहीतर पुढे आठवणी आणि कागद यांचा मेळ बसत नाही.

मेगावॉटच्या आकड्यांचंही तसंच. १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्यांपुढे कुठे २१० दिसेल, कुठे २००, कुठे १६०. जनरेटरमधून निघणारी एकूण वीज आणि केंद्राचा स्वतःचा वापर वजा जाता बाहेर जाणारी वीज, हा एक फरक. दुसरा फरक काळाचा. या भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या सुरुवातीच्या उकळत्या पाण्याच्या नमुन्यातल्या. भट्टीतच वाफ होते आणि ती थेट टर्बाइनला जाते. शिवाय भट्टीतल्या गरम पाण्यावर दुय्यम स्टीम जनरेटरमध्ये आणखी वाफ तयार करायची सोय होती. त्या जनरेटरच्या नळ्या गळू लागल्या, तो भाग बंद करावा लागला, आणि १९८०च्या दशकात क्षमता १६० मेगावॉटवर आणली गेली. म्हणजे १९७०च्या अहवालातला २१० आणि १९९०च्या अहवालातला १६० यांत छपाईची चूक नाही. त्या दोन आकड्यांच्या मधे केंद्राच्या देखभालीचा अख्खा इतिहास आहे, आणि त्या दुरुस्त्यांच्या वेळी शटडाऊनला लागलेले स्थानिक कंत्राटी कामगार हा त्याचा जवळजवळ न लिहिला गेलेला भाग.

आणखी एक ठेच लागायची जागा. ५४० मेगावॉटच्या नव्या भट्ट्यांपैकी ४ क्रमांकाची भट्टी आधी क्रिटिकल झाली, ६ मार्च २००५ला. ३ क्रमांकाची त्यानंतर, २१ मे २००६ला. क्रमांकावरून काळाचा अंदाज बांधू नका. या दोन्ही भट्ट्या जड पाण्याच्या, स्वदेशी बनावटीच्या. पहिल्या दोनशी त्यांचं तांत्रिक नातं फारसं नाही, पण गावांच्या दृष्टीने हा एकाच प्रकल्पाचा दुसरा फेरा होता. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली ती याच फेऱ्यात.

जमिनीचा कागद

आमचं ठाम मत आहे की या इतिहासाचा कणा जमीन आहे. कोणाची, किती, कधी, कोणत्या दराने आणि कशासाठी घेतली हे एकदा जागेवर बसलं की आठवणींना आधार मिळतो आणि अफवा गळून पडतात.

जुनं संपादन १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली झालेलं आहे. त्याची कागदी वाट ठरलेली असते: कलम ४ची अधिसूचना, संयुक्त मोजणी, कलम ६ची घोषणा, कलम ११चा निवाडा, ताबा पावती, मग फेरफार आणि शेवटी भूमी अभिलेख खात्याचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद. अधिसूचना शासकीय राजपत्रात छापलेल्या असतात, त्यामुळे नस्ती (सरकारी फाइल) गहाळ झाली असली तरी गाव, सर्व्हे नंबर आणि क्षेत्र राजपत्रातून मिळतं. मोबदला कमी वाटला म्हणून जे खातेदार कोर्टात गेले, त्यांची प्रकरणं कलम १८खाली दिवाणी न्यायालयात असतात. या प्रकरणांत साक्षी असतात, झाडांची मोजदाद असते, विहिरींचे उल्लेख असतात. त्या काळच्या गावाचं इतकं बारीक वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळेल. जाताजाता सांगून ठेवतो, अणुऊर्जा कायदा १९६२मधलं कलम १८ही फार महत्त्वाचं, पण ते माहितीच्या गोपनीयतेबद्दलचं. टिपणात नुसतं "कलम १८" लिहू नका, कायद्याचं नाव सोबत लिहा.

सुरुवात उलट दिशेने करणं सोपं पडतं. आजचा सातबारा घ्या, त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवा, एकेक फेरफार मागे मागे काढत जा. संपादनाच्या फेरफारात निवाड्याचा क्रमांक आणि तारीख असते, आणि तो क्रमांक मिळाला की पुढचं सगळं मागता येतं. महसूल विभागाच्या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार आणि आठ-अ (खातेउतारे) स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे आधी पाहा, तलाठी कार्यालयातल्या खेपा वाचतील.

इथे तीन गोष्टींत हमखास गोंधळ होतो. पहिली, जिल्हा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याआधीचं सारं ठाणे जिल्ह्याचं. नस्त्या पालघरला वर्ग झाल्या असतील किंवा ठाण्याच्या अभिलेख कक्षातच असतील, म्हणून अर्ज दोन्हीकडे करा. दुसरी, तालुका. पालघर तालुक्याचं जुनं नाव माहीम तालुका. हे केळवे-माहीममधलं माहीम, मुंबईतलं नव्हे. जुन्या नकाशांची सूची पाहताना "पालघर" शोधून काहीच मिळालं नाही तर "माहीम" शोधा. तिसरी, क्रमांक. निवाड्यात सर्व्हे नंबर असतो आणि जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावात आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोन्हींची सांगड घालणारा तक्ता भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात असतो. तो आधी मिळवला नाही तर तुम्ही भलत्याच्याच शेताचा इतिहास लिहून बसाल. फार जुने उतारे मोडीत असतात, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस सोबत हवा.

आता सर्वांत घाईची गोष्ट. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत नस्त्यांचं वर्गीकरण होतं. अ वर्ग कायम ठेवायचा, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १० वर्षं, क-१ वर्ग ५ वर्षं, ड वर्ग १ वर्ष. निवाडा कायम राहील, पण पुनर्वसनाचा पत्रव्यवहार, बैठकांची इतिवृत्तं, गावकऱ्यांची निवेदनं ही खालच्या वर्गात टाकलेली असू शकतात. ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांचं काँक्रीट २००० साली सुरू झालं. त्या सुमाराची ब वर्गाची नस्ती २०३०च्या आसपास नियमानुसारच नष्ट होऊ शकते, कोणाचाही वाईट हेतू नसताना. नस्तीच्या वेष्टनावर वर्ग लिहिलेला असतो. मागणीआधी तो पाहा, आणि जे नष्ट होण्याच्या वाटेवर आहे ते आधी मागा.

माहितीचा अधिकार इथे उपयोगी पडतो, पण अर्ज नेमका हवा. राज्य सरकारच्या कार्यालयात एका अर्जात एकच विषय आणि सुमारे १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये, प्रतींना पानामागे २ रुपये. "तारापूर प्रकल्पाची सर्व माहिती द्या" असं लिहिलं की "मागणी मोघम आहे" असं उत्तर येतं. त्याऐवजी लिहा: "मौजे पोफरण, ता. पालघर येथील तारापूर अणुवीज प्रकल्पासाठी झालेल्या भूसंपादनाचा निवाडा, संयुक्त मोजणी नकाशा व ताबा पावती यांच्या प्रती, आणि सदर नस्तीचे अवलोकन." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. अवलोकन मागितलं की नस्ती समोर येते, आणि काय मागायला हवं होतं ते तेव्हा कळतं. नस्ती नष्ट झाली असं उत्तर आलं तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत मागा. ती नोंद मिळाली नाही तर नस्ती अजून कुठेतरी आहे असं धरून पहिलं अपील करा. मुदत ३० दिवसांची.

केंद्राच्या खात्यांकडून मिळणारी माहिती मर्यादित असते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी लागते, पण देशाची सुरक्षा, संसदेचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद यांना त्यातही सूट आहे. म्हणून अणुभट्टीविषयी मागण्याऐवजी वसाहत, शाळा, पाणीपुरवठा, भरती, रस्ते यांबद्दल मागा. स्थानिक इतिहासाला हवं ते बहुतेक तिथेच असतं.

छापील आणि परदेशी साधनं

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे राज्य सरकारच्या खात्यांचे जुने कागद मिळतात. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा स्वतःचा अभिलेखागार आहे, भाभांच्या काळासाठी तो टाळून चालत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. लोकसभेच्या चर्चा आणि प्रश्नोत्तरं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. राज्याचा आवाज हवा असेल तर विधिमंडळाची कार्यवाही वाचा. मच्छीमारांचे, नोकरभरतीचे, पाण्याचे प्रश्न तिथे मराठीत विचारलेले सापडतात.

शोधताना स्पेलिंगचा त्रास आहे. साठच्या दशकातले इंग्रजी कागद "तारापोर" असंही लिहितात. तो शब्द घालून १९६५ शोधलं की परमवीरचक्र विजेते लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्यावरचं साहित्य पुढे येतं, म्हणून सोबत "अणु" किंवा "रिअॅक्टर" हा शब्द द्या. पोफरणचं पोखरण होणं ही तर नित्याची गोष्ट, विशेषतः यंत्राने वाचलेल्या मजकुरात. अणुविषयक कागदात पोखरण दिसलं की कोणाला शंकाही येत नाही, आणि एका उठवलेल्या गावाचं नाव नकळत पुसलं जातं. अशा प्रत्येक उल्लेखाचं मूळ पान डोळ्यांनी पाहा.

मराठी वर्तमानपत्रांसाठी परिस्थिती बरी आहे. लोकसत्ता १९४८पासून आणि महाराष्ट्र टाइम्स १९६२पासून निघतोय, त्यामुळे तारापूरचा पूर्ण काळ दोन्हींत येतो. ठाण्याच्या आणि दादरच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत चौकशी करा. जुन्या बांधीव अंकांचं पान कडेला तुटत असेल तर ते झेरॉक्सवर उलटं दाबू नका, वरून कॅमेऱ्यानेच घ्या.

तारापूरचे कितीतरी कागद परदेशात उघडे पडलेले आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. १९७४च्या अणुचाचणीनंतर अमेरिकेने १९७८ साली अण्वस्त्रप्रसार रोखणारा कायदा केला आणि तारापूरच्या समृद्ध युरेनियमचा पुरवठा अडचणीत आला. १९८० साली अध्यक्ष कार्टर यांनी पाठवायचं ठरवलेल्या इंधनावर अमेरिकी सिनेटमध्ये मतदान झालं, ते ४८ विरुद्ध ४६ने मंजूर झालं. त्या सुनावण्यांचे वृत्तांत छापील आहेत, आणि त्यांत केंद्राच्या इंधनसाठ्यापासून वापरलेल्या इंधनापर्यंत चर्चा आहे. पुढे १९८२ साली फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी घेतली. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा १९७१चा तारापूरविषयक सुरक्षा-देखरेख करार परिपत्रक क्रमांक १५४ म्हणून खुला आहे, आणि त्याच संस्थेच्या आयनिस या संग्रहात भारतीय अभियंत्यांचे तारापूरवरचे तांत्रिक निबंध फुकट वाचता येतात. नळ्यांच्या गळतीबद्दल आठवणीतून काही कळलं की तिथे त्या वर्षांचे निबंध ताडून पाहा.

माणसांशी बोलताना

कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. म्हणून क्रम लावायचाच झाला तर रेकॉर्डिंग आधी.

वर्ष विचारू नका. "कुठल्या साली?" याला मिळणारं उत्तर बहुधा अंदाज असतो. त्याऐवजी खुणा द्या: महाराष्ट्र झाला त्याच्या आधी की नंतर, पाकिस्तानशी पासष्टची लढाई चालली होती तेव्हा, कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीत, आणीबाणीत. मच्छीमारांना इंग्रजी महिना विचारण्यापेक्षा नारळी पौर्णिमेच्या आधी की नंतर ते विचारा. बाईंना विचारताना स्वतःचं लग्न, पहिलं मूल यांच्या संदर्भाने विचारा. अशा तीन-चार खुणा जुळल्या की वर्ष पक्कं होतं.

कोणाला भेटायचं याची यादी एकाच बाजूची होऊ देऊ नका. वसाहतीत राहिलेले अभियंते आणि तंत्रज्ञ सहज सापडतात, बोलतातही छान. त्यांच्याइतक्याच मुलाखती मांगेला कोळी, भंडारी, वाडवळ आणि वारली कुटुंबांच्या, कंत्राटी मजुरांच्या, बोईसर स्टेशनवरच्या जुन्या दुकानदारांच्या, वसाहतीत घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या व्हायला हव्यात. मच्छीमाराला "प्रकल्पाचा परिणाम काय झाला?" असं विचारलं की भाषण मिळतं. "डोल (समुद्रात लावायचं जाळं) कुठे लावायचात, तिथे कोणती मासळी यायची, ती जागा कधी सोडली?" असं विचारलं की माहिती मिळते. समोर नकाशा ठेवा आणि त्यांच्या हाताने खुणा करून घ्या.

निवृत्त कर्मचाऱ्यांवर गोपनीयतेची बंधनं असतात. ते एखाद्या जागी थांबले तर तिथेच थांबा, खोदून विचारू नका. कामाची पाळी, कँटीन, बस, किरणोत्सर्गाचा डोस मोजणारे फिल्म बॅज जाऊन टीएलडी बॅज आले तो बदल, संप, वसाहतीतले गणपती, हे सगळं मोकळेपणी बोलता येतं. कोणाच्या डोसची नोंद दाखवली गेली तरी ती छापू नका, ती वैद्यकीय माहिती आहे.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात करा. नाव द्यायचं की नाही, किती वर्षांनी खुलं करायचं, नंतर मागे घ्यायचं असेल तर काय, एवढं त्यात असलंच पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते रेकॉर्डिंगमध्येच वाचून दाखवा आणि होकार तिथेच नोंदवा. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर वेव्ह फाइलमध्ये घ्या. एका चॅनलला तासाला साधारण ५२० एमबी लागतात. पंखा बंद करा, माइक माणसाच्या छातीजवळ ठेवा, आणि समुद्राकडची खिडकी लावून घ्या. वाऱ्याचा घोंगाट नंतर काढता येत नाही.

हाती आलेलं टिकवायचं कसं

किनारपट्टीच्या दमट हवेत कागदाचा खरा शत्रू बुरशी. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि पावसाळ्यात ती महिनोन्‌महिने वरच असते. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड, एवढं केलं तरी पुष्कळ. डबा जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून सुटा ठेवा, वाळवी भिंतीतूनच येते. डांबरगोळ्या फोटो आणि फिल्मजवळ नकोत. लॅमिनेशन कधीही करू नका. ते निघत नाही, आणि आत कागद पिवळा पडतच राहतो.

साठच्या दशकातले नकाशे बहुधा अमोनिया प्रिंट असतात, फिकट पार्श्वभूमीवर निळ्या-जांभळ्या रेषा. उजेडात त्या उडत जातात, आणि त्यांतून निघणारी वाफ शेजारच्या फोटोंना बाधते, म्हणून त्यांचा गठ्ठा वेगळा. गडद निळ्यावर पांढऱ्या रेषा असतील तर तो खरा ब्लूप्रिंट, त्याला अल्कधर्मी आम्लविरहित कागदात गुंडाळू नये, रंग फिका होतो. मोजणीचे काही मूळ नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर असतात, त्या कापडाला खळ असते. ओल्या फडक्याने पुसलं की खळ विरघळते आणि रेषाही जातात.

सत्तरच्या दशकातले अल्बम चिकट पानांचे असतात. फोटो ओढून काढू नका. मेण नसलेला दातांचा दोरा फोटोमागून हळूहळू सरकवत न्या. तरीही निघत नसेल तर पानासकटच स्कॅन करा. स्कॅन मजकुराला ३०० डीपीआय, नकाशे ४०० आणि फोटो ६००, मूळ प्रत टिफमध्ये. ए-४ रंगीत पान ३०० डीपीआयला साधारण २६ एमबी होतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. फाइलला नाव देताना वर्ष-महिना-दिवस, गाव, प्रकार, क्रमांक असा क्रम ठेवा, आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइलच्या मजकुरावरून संगणक काढतो तो सांकेतिक क्रमांक) एका यादीत उतरवून ठेवा. दर वर्षी तो पडताळला की कोणती फाइल बिघडली ते लगेच कळतं. प्रती तीन, त्यांतली एक गावाबाहेर.

काय गोळा करायचं नाही हेही ठरलेलं असू द्या. चालू केंद्राच्या आतले आराखडे, सुरक्षा चौक्या, केबलचे मार्ग कोणाच्या जुन्या पेटीत सापडले तर ते स्कॅन करून नेटवर टाकू नयेत. परिसरात ड्रोन नको, कुंपणाचे फोटो नकोत. आवारातून आलेली एखादी वस्तू, हातमोजा, नळीचा तुकडा, आठवण म्हणून कोणी देऊ केली तर हात लावू नका, केंद्राच्या आरोग्य भौतिकी (किरणोत्सर्गापासून सुरक्षा पाहणाऱ्या) विभागाला कळवायला सांगा.

हेच काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या प्रस्तावित अणुवीज प्रकल्पाबाबत आत्ता करता येईल, आणि तिथे ते सोपं आहे. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे इथली निवेदनं, ठराव, दोन्ही बाजूंची पत्रकं, २०१०च्या पर्यावरण मंजुरीनंतरची कात्रणं अजून घरोघरी आहेत. पत्रकावर तारीख नसते. हाती पडलं त्या दिवशीच मागे पेन्सिलीने तारीख आणि कोणी दिलं ते लिहा.

शेवटी हे सारं एका घरात ठेवू नका. मूळ कागद ज्यांचे त्यांना परत द्या, सोबत स्कॅनची प्रतही द्या. एक संच गावच्या शाळेत किंवा वाचनालयात, एक जिल्ह्याबाहेरच्या संस्थेत ठेवा, आणि देताना लेखी ठरवा की संमतीपत्रातल्या अटी त्या संस्थेलाही लागू राहतील. सूचीत मौजे, सर्व्हे नंबर आणि गट नंबर हे तीन रकाने ठेवा, म्हणजे पोफरणच्या एखाद्या घरातली नात पुढे शोधायला आली तर तिला आजोबांच्या वाडीचा नंबर टाकून निवाडा, नकाशा आणि मुलाखत एकत्र मिळेल.